अलीकडे

नियम मीच लिहिला. सहा ओळींचा.
विनंती कुठून आली ते बघ,
अलीकडून असेल तर दार उघड,
पलीकडून असेल तर
नम्रपणे नाही म्हण, नोंद ठेव.
सहावी ओळ रिकामी, सवयीने सोडलेली.

तपासनीस दोन दिवस राहून गेले.
त्यांतल्या एकाने नदीपलीकडच्या हॉटेलातून
सतरा वेळा प्रयत्न केला.
सतराही वेळा तीच पाटी:
आपल्या ठिकाणाहून उपलब्ध नाही.
इतका खूश झाला की जाताना
मला खारट लिकोरिसची डबी देऊन गेला.

टोर्निओ आणि हापरांडा यांच्यामध्ये
एक नदी आहे आणि एक तास.
पलीकडे आठ, तेव्हा अलीकडे नऊ.
बाकी बस जाते, कुत्री जातात,
प्रेमात पडलेली म्हातारी माणसं जातात.

कौको, माझे वडील,
एकाहत्तराव्या वर्षी गेले गुनवोरच्या घरी,
दोन बॅगा आणि एक आरी घेऊन.
त्यांच्या नावात आमच्याकडचा 'दूर' आहे;
आई त्यावरून त्यांना चिडवायची.
छाती मात्र इथेच राहिली:
पोलादाच्या कारखान्यातली एकतीस वर्षं,
वर्षाला एक एक्स-रे,
माझ्या तळघरातल्या कपाटांत, निळ्या दिव्यांखाली.

फेब्रुवारीत खोकला.
तिकडच्या डॉक्टर बेकलुंड म्हणाल्या, जुनी चित्रं हवीत,
डाग नवा की जुना, तेवढंच बघायचंय.
विनंती आली. त्यांची सात बावन्न, माझी आठ बावन्न.
नाकारली.
ती यादी मी रोज सकाळी कॉफीबरोबर वाचते.
त्या नावाशी थांबले, पुढची नावंही वाचली,
मग परत वर आले.

कागदी अर्ज असतो. सहा आठवडे.
एक किल्लीही असते, कुठे ते मला ठाऊक.
त्या रात्री ती हातात घेतली नाही.
चांगुलपणा नव्हे हा.
ज्या भिंतीच्या विटा आपण मोजून लावल्या
तिच्यात भोक पाडायला
हात कुठून सुरू करणार?

फोन केला.
"अंगाला बंदी आहे का गं?"
नाही, म्हटलं.
"अंगाच्या चित्राला?"
हो.
हसले. हसता हसता खोकले, बराच वेळ.
मी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला,
हे इथे लिहून ठेवते.

शनिवारी, अकरा वाजता, पुलावर. उणे एकोणीस.
ते तिकडून आले, टोपी कानांवर,
मागे थर्मास घेऊन गुनवोर,
आणि सुटीचा दिवस असूनही डॉक्टर बेकलुंड,
कुणी बघेल की काय अशा चालीने.
मधल्या खांबापाशी टॅब्लेट धरला.
आपल्या ठिकाणाहून.
"चार पावलं इकडे या," मी म्हटलं.
आले सगळे, मुलांच्या खेळातल्यासारखे.
खाली गोठलेल्या नदीवर स्नोमोबाइलचा माग
सरळ पलीकडे गेलेला.

उघडलं.
बारा वर्षांपूर्वीची छाती,
फासळ्या मोजता येतील अशी.
बेकलुंडबाईंनी काचेवरची वाफ मोज्याने पुसली,
मोजा काढला, दोन बोटांनी फुप्फुस मोठं केलं.
वडील वाकून बघत होते,
आपण पूर्वी राहायचो त्या घरात
रस्त्यावरून डोकावावं तसे.

"इथे होता तेव्हाही," बाई म्हणाल्या.
बोट तिथेच ठेवलं.
"पण एवढा नाही."

गुनवोरने कॉफी ओतली. कप तीनच होते.
"खोकला कधीपासून?"
"अलीकडे," वडील म्हणाले,
आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

नोंद: अकरा चौदा. ठिकाण बरोबर. मंजूर.

ते परत निघाले, आरी चालवावी तसे
हात मागेपुढे हलवत, ऊब यावी म्हणून.
तिकडे पोचतील तेव्हा साडेदहा वाजले असतील.
आम्ही भेटायला
अजून अर्धा तास असेल.