चौदा पायऱ्या

आई म्हणायची, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
मी चढले नाही.
मी चढले त्या रावपुऱ्यातल्या
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या चौदा पायऱ्या,
लाकडी, मधली एक निखळलेली,
गुरुवारी, पावणेपाचला.
मिहिकाचा चित्रकलेचा क्लास सुटेपर्यंत
माझ्याकडे चाळीस मिनिटं होती.

फाल्गुनीबेननी आधी चहा मागवला.
मग विचारलं, मारतो?
नाही.
पितो?
नाही. म्हणजे, लग्नाकार्यात.
बाई?
माहीत नाही. मला वाटतं, नाही.
त्यांनी चष्मा काढला
आणि मला वाटलं, आता म्हणतील, मग इकडे कशाला आलात.
सगळे हेच म्हणतात मला,
जणू काडीमोडासाठी आधी एक जखम भरावी लागते,
अनामत रकमेसारखी.
त्या म्हणाल्या, सारुं थयुं, वेळेत आल्या.

गेल्या वर्षी विश्वामित्रीतून चढून
एक मगर आली होती आमच्या सोसायटीत,
देवस्थळींच्या स्कूटरमागे.
घरातली गोष्ट घरात ठेवा, असं कुणी म्हटलं नाही.
थोडं सोसा, तिलाही समजून घ्या, असंही नाही.
वॉचमननं मुलांना वर पिटाळलं
आणि मगर धरणाऱ्या पोरांना फोन लावला.
तिनं अजून कुणाला धरलं नव्हतं.
नुसती पडून होती, तोंड मिटून.

सत्यजित मगर नाही,
असं मी फाल्गुनीबेनना दोनदा सांगितलं.
मगरीचं त्यांना काही सांगितलंच नव्हतं,
त्या बघत राहिल्या.
मगर आमच्या दोघांच्या मध्ये असते, जेवणाच्या टेबलाखाली,
आणि मिहिका पाय वर घेऊन जेवते.

अर्ज आज नाही, त्या म्हणाल्या. आज एक वही घ्या.
कोण शाळेत सोडतं, कोण आणतं, रात्री कोण उठतं.
फीच्या पावत्या, लशींचं कार्ड.
मुलीला घेऊन अंधारात निघायचं नाही,
तिच्या देखत हा विषय नाही,
आणि खोटं नाही लिहायचं, जज्जाला वासानं कळतं.

वही खंडेराव मार्केटसमोर घेतली. कव्हरवर मोर.
सोमवार : डबा मी, रिक्षा मी, गृहपाठ मी.
मंगळवार : तेच.
बुधवारी लिहायला बसले तर
आदल्या रात्री तिला ताप होता, एकशे दोन,
आणि मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत
पहाटेपर्यंत सत्यजित बसला होता.
मी झोपले होते.
लिहिलं. मग ते पान फाडायला घेतलं.

दुसऱ्या भेटीत अर्धं फाटलेलंच दाखवलं.
फाल्गुनीबेननी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली,
पान जोडलं, अंगठ्यानं दाबून बसवलं.
हे सगळ्यात कामाचं, म्हणाल्या,
ह्याच्यावर तुमची अर्धी भांडणं मिटतील.
फी घेतली. पावती दिली.
तीही मी वहीत लावली.

आता सत्यजितलाही ठाऊक आहे वहीचं.
मीच सांगितलं, मिहिका झोपल्यावर, गच्चीत.
बराच वेळ तो टाकीचं पाणी भरताना ऐकत होता.
मग म्हणाला, मलाही वकील लागेल ना?
मी म्हटलं, लवकर गाठ एखादा.

रविवारी मिहिकाची उंची घेतली
स्वयंपाकघराच्या चौकटीवर, दर वाढदिवसाला घेतो तशी.
त्यानं पट्टी धरली डोक्यावर,
मी पेन्सिलीची रेघ ओढली.
टाचा उचलू नकोस, दोघं एकदमच ओरडलो.
एकशे अठरा.
वहीत लिहिलं : दोघांनी.

पुढच्या गुरुवारी विचारायचंय फाल्गुनीबेनना.
शनिवार-रविवार वाटता येतात म्हणे,
दिवाळीची सुट्टीसुद्धा, निम्मी निम्मी.
ही चौकट
कुणाकडे राहते?