घाम येतोय का?

ताजिमीत सकाळी नऊलाच खांबावरचा कर्णा बोलू लागतो:
आज चाळीस. गरज नसेल तर बाहेर पडू नका.
मी बाहेर पडते. माझ्या वहीत अकरा दारं आहेत,
अकरा एकेकटी माणसं,
त्यातलं सगळ्यात तरुण एकोणऐंशीचं.

सायकलच्या टोपलीत भाजल्या जवाचा गार चहा, मिठाच्या गोळ्या,
बर्फाच्या डब्यात ओले पंचे.
निवाबाई दार उघडायच्या आधीच ओरडतात, "प्यायले! प्यायले!"
मी तरी आत जाऊन पेला ओला आहे का बघते.

सातव्या दारामागे तोकुजी,
पन्नास वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस.
"तेराशे अंश पाहिलेत मी," म्हणतो,
"चाळीस म्हणजे कोमट."
मुलीने बसवून दिलेला एसी भिंतीवर,
रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत,
देव्हाऱ्यात, बायकोच्या फोटोपुढे, नैवेद्यासारखा.

मी वाद घालत नाही. हात मागते.
पंजाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरते, सोडते.
ती खाली बसते सावकाश. फार सावकाश.
"माती कोरडी पडलीय," मी म्हणते,
"असला गोळा तुम्ही चाकावर घेतला असतात?"
तो हसतो. पेलाभर पितो, माझ्यासमोर, माझ्यासाठी.
रिमोट जागचा हलत नाही.

ओबोनला पितर घरी यायचे, त्याच्या आदल्या बुधवारी
माझ्या हाकेला ओ आली नाही.
खिडक्या लावलेल्या, छपराखालची काचघंटा मुकी,
आणि चटईवर बसलेला तो मला म्हणाला,
"हानाए, भट्टी उघडू नकोस गं, अजून तापलीय."

माझं नाव हानाए नाही.
हानाएला जाऊन नऊ वर्षं झाली.

कपाळ चटका बसेल इतकं गरम, आणि कोरडं.
तेव्हा घाबरले मी. घाम असता तर इतकी घाबरले नसते.
झिलई नसलेलं मडकं पाझरतं म्हणून पाणी गार राहतं,
हे त्यानेच शिकवलेलं मला, कुठल्याशा उन्हाळ्यात.

पाणी पाजलं नाही, भान नसलेल्याला पाजायचं नसतं.
एकशे एकोणीस लावला. पिशवी दातांनी फाडली,
फोटो पडला, पडू दिला.
मानेला, काखेत, जांघेत गार पंचे,
सदरा भिजवला, वर्तमानपत्राने वारा घातला;
लाज म्हणून काही असतं ते दोघांनाही आठवलं नाही.
गाडी यायला बारा मिनिटं लागली.
बारा मिनिटं मी विचारत राहिले, भट्टीत काय काय आहे?
वाट्या किती? हिरव्या की राखी?
तो चुकत चुकत मोजत राहिला.

नऊ दिवसांनी घरी आला, हडकलेला, चिडका.
एसी आता अठ्ठावीसवर चालतो.
"विजेचं बिल बघून हानाएच ओरडेल," म्हणतो.

आणि दुपारी दोनला माझाच फोन वाजतो.
"प्यायलीस?"
हो म्हणते.
"खोटं. कातडी ओढून बघ."

सत्तरीला दोनच वर्षं राहिलीत माझ्या,
वहीत माझं दार लिहायचं राहूनच गेलं होतं.
भर रस्त्यात, टाइल्सच्या दुकानाच्या बोटभर सावलीत
सायकल टेकवते, चिमटी घेते, सोडते,
आणि पलीकडून तो मोजायला लागतो.