डावं ते उजवं

टिस्डेलच्या पुढं, रेल्वे फाटकापाशी,
गराजचं शटर अर्धं वर.
विकणारा बारा वर्षांचा, नाव कोल्बी.
घेणारा मी, एकसष्टी उलटलेला.

"तीनदा पडलंय," तो आधीच सांगून टाकतो,
"एकदा डबक्यात. हे बघा."
पंखावर तपकिरी चिकटपट्टी,
शेपटीला गोंदाचा वाळलेला ओघळ,
नाकाशी मात्र नवंकोरं पातं.
बॅटरी फुगलीय, ती तो देतच नाही.
"पेट घेईल. नवी आणा."

मी आयुष्यभर गव्हाची कोठारं भरली,
मालगाडीचे डबे मोजले,
वजनात मला कुणी फसवलं नाही.
इथं काय तपासायचं तेच ठाऊक नाही.
उगाच चाक फिरवून बघतो,
घोड्याचे दात बघावेत तसं.

ऐंशी डॉलर. घेतो सत्तरच.
"डबक्याचे दहा कमी."

मग त्याचीच बॅटरी लावून
मागच्या धसकटांत तो शिकवतो:
लांब जाताना सगळं सरळ.
तुमच्याकडं यायला लागलं की डावं ते उजवं.
"गोंधळलात, तर जो पंख झुकलाय
त्याच्या बाजूला दांडी सारा.
टेकू दिल्यासारखी."

टेकू. एवढा शब्द मला कळतो.

विमान वळलं, थेट माझ्याकडं निघालं,
आणि माझे अंगठे
शिळ्या पावासारखे कडक.
कोल्बीनं रिमोटला हात लावला नाही.
खिशात हात, नजर वर,
नुसतं म्हणाला,
"पडलं तर पडू दे, मिस्टर हनाट्युक.
आता तुमचंय."