‘वाटलं’ या शब्दाचं आरेकिपाला काय करायचं

पीथमपूरहून पत्र जायचं आहे, पंप गळतो म्हणून.
मजकूर खरं तर एका ओळीचा:
आम्हाला वाटलं, सील टिकेल.
चौकसे साहेब जाता जाता म्हणाले, हेल्मेट हातात तसंच,
मॅडम, वो ‘हमें लगा’ थोड़ा ढंग से लिख दीजिए.

राजेंद्र नगरात, रात्री अकराला,
मी तो ढंग शोधत बसले आहे.

पेन्सार घ्यावं तर ते जड.
त्याच्या मुळाशी तराजू आहे, गर्गे बाई शिकवताना म्हणायच्या,
आणि दोन्ही तळहात वरखाली करून दाखवायच्या
सियागंजात धणे तोलावेत तसे.
आम्ही कुणी काही तोललं नव्हतं.
शिवाय पेन्सामोस म्हणजे आम्ही विचार करतो
आणि पेन्सामोसच म्हणजे आम्ही विचार केला,
आजचा आणि मार्चमधला एकाच डब्यात.
वाचणारीला (नाव योलांदा, सही मोठी, गोल)
कळायचंच नाही, आम्ही अजून करतोय
की करून चुकलो.

करून चुकलो.
मराठी बघा कशी, आपल्याच माणसाला पकडून देते.

रासोनार साहेबांना आवडेल. त्याला टाय आहे.
कारण, मग कारण, मग म्हणून.
पण त्या ‘म्हणून’च्या आधी आमच्याकडे होतं काय?
मार्चएंड, आणि कंटेनरची तारीख.

क्रेएर हा आपल्या श्रद्धेचा लांबचा चुलतभाऊ,
हे कळलं त्या दिवशी मी बसमध्ये राऊ येईपर्यंत हसत होते.
क्रेइमोस: आमचा विश्वास होता.
कशावर, शंभर रुपये डझनाच्या वॉशरवर?
इतक्या स्वस्तात तर नवससुद्धा होत नाही.

दिस्कुर्रिर बाजूलाच ठेवलं.
वाहणं आणि विचार करणं एका शब्दात,
ज्यांच्या नद्या वाहतात त्यांना ते शोभतं.
मी कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ वाढले.

पुण्याची मावसबहीण हसायची, मी ‘सोचलं’ म्हटलं की.
अगं, सोचलं काय, विचार केला म्हण!
पण विचार करायला वेगळं बसावं लागतं,
पाट मांडून जेवायला बसावं तसं.
सोचता येतं स्कूटरला किक मारता मारता.
त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात
परीक्षेत कुणी विचारलं नाही.

मग ते समोर येतं, जे इतका वेळ मी टाळत होते:
नोस पारेसिओ.
हुबेहूब. आम्हाला वाटलं. चतुर्थीसकट.
कुणी केलं नाही, कुणी ठरवलं नाही,
वाटणं आलं आणि अंगावर बसलं, धुळीसारखं.
मध्ये सात समुद्र, आणि हात झटकायची
रीत एकच.
चौकसे खूश होतील.

पण रेवाराम मुकाती.
रात्रपाळीला त्याने सीलवर अंगठा फिरवला होता,
रबराचा वास घेतला होता, आणि म्हणाला होता,
साब, यो नी टिकेगो.
मी तिथेच होते, लेबलांवरचं स्पॅनिश तपासत.
मला ऐकू आलं.
मला वाटलं, कुणीतरी लिहून घेईल.

त्या अंगठ्याने जे केलं त्याला क्रियापद कुठलं?
शब्दकोश पोटावर उपडा ठेवून मी छताकडे बघते.
खाली कुणीतरी शटर ओढतं, अर्ध्यावर अडकतं,
पुन्हा ओढतं.

बारा वाजता लिहिते: आम्हाला वाटलं, सील टिकेल.
मग त्याखाली, साहेबांनी न सांगितलेलं,
तृतीय पुरुषी, एकवचनी, तारखेसकट:
ऊनो पेन्सो के नो.
एकाने तोललं होतं. नाही म्हणाला होता.

आता हे सकाळी पाठवायचं की नाही,
सोचते आहे.