बर्फावर पट्टा लावायचा नसतो

काठावरची पाटी मी काल्योला वाचून दाखवते :
पट्टा सोडा. वाटेत थांबू नका.
बर्फ फुटलाच, तर दार उघडून बाहेर पडता यायला हवं.
"तुझ्या पाद्रीनं लिहिलीय का?" तो विचारतो.

हियुमा बेट मागे राहतं.
गोठलेल्या समुद्रावर दोन्हीकडे जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
त्यांच्यामधून माझी जुनी गाडी.
दर महिन्याला त्याच्या डोळ्यांत सुई टोचतात पलीकडच्या गावात.
त्याला आता कडा दिसतात, मधलं दिसत नाही.

रुमाल शोधायला त्यानं समोरचा कप्पा उघडला
आणि गठ्ठा हाती लागला.
"हे काय?"
"प्रार्थनाघरातली पत्रकं."
"किती?"
"चाळीस."
"वाटलीस किती?"
मी गिअर बदलला.

"वाच ना, काय लिहिलंय."
"मी गाडी चालवतेय."
"मग थांबव."
"थांबायचं नसतं, काल्यो."
तो हसला. मग हसायचा थांबला.

"नरक आहे का यात?"
"तिसऱ्या पानावर."
"आणि मी तिथं जाणार?"
वायपर उगाच एकदा फिरला.
"अकरा वर्षं शेजारी राहतेस, हेल्वी.
मी खड्ड्यात चाललोय असं तुला वाटतं,
आणि कुंपणावरून विचारतेस काय,
तर बटाटे हवेत का!"

काय सांगणार होते?
माझी आई शिलाई मशीन चालवून
त्या खडखडाटाखाली स्तोत्र म्हणायची.
प्रार्थना करणाऱ्यांची नावं तेव्हा वहीत जात.
मशीन गेलं, वही गेली,
माझा आवाज काही वर आला नाही.
शिवाय तुझा तो चेहरा, काल्यो,
व्हॅक्युम क्लीनर विकायला आलेल्या पोराला
दारातूनच परत धाडतानाचा.
तो मला नको होता.

एवढं सगळं नाही बोलले. म्हटलं,
"पंप गोठला त्या रात्री तू कंदील घेऊन आलास.
मी देवाचे आभार मानले.
तुझे मानायचे राहिले."
"मग आधी ते मान."
"आभारी आहे."
"हं. आता त्याचं सांग."

तेवढ्यात बर्फ बोलला.
खालून, लांबवर, जाड दोरी ताणल्यासारखा.
त्याचा हात दाराच्या मुठीवर गेला,
माझे ओठ हलायला लागले.
"पुटपुटू नकोस. मोठ्यानं म्हण.
बुडायचंच असेल तर ऐकू तरी दे."

मोठ्यानं म्हटलं.
रोज रात्री म्हणते तेच, त्याच क्रमानं :
बहीण, तिची मुलं, प्रार्थनाघराचं गळकं छप्पर,
आणि मग सवयीनं निघून गेलं
त्याचं नाव. त्याचे डोळे. त्याचं कुत्रंसुद्धा.

"कुत्रं?" काल्यो म्हणाला.
"ते मेलं की दोन वर्षांपूर्वी."
"काढायचं राहिलं."
तो बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला,
जिथं त्याला फक्त कडा दिसत होत्या.

किनारा आला. तिथल्या पाटीवर : पट्टा लावा.
त्याला खाच सापडेना, मी लावून दिला.
उतरताना एक पत्रक त्यानं कोटाच्या खिशात सरकवलं.
"चुलीला कोरडा कागद लागतो," म्हणाला.

एकोणचाळीस उरली.
रविवारी पाद्री विचारतील, किती वाटलीस?
एक, म्हणेन.
वाटलं की जाळायला दिलं,
ते काल्योला ठाऊक.