एका विडीचं अंतर

देवबागच्या जेटीवर शिलगावलेली विडी
संगमाच्या वाळूपाशी विझायची.
माझा मीटर हाच.
यंदा दिवाळीचे पर्यटक घेऊन निघालो,
विडी बोटांना चटका देऊन संपली
आणि आम्ही अजून खोब्रेकरांच्या माडांसमोरच.
दुसरी पेटवली.
डॉल्फिन कधीचे निवतीकडे निघून गेलेले.

ज्याचा त्याचा आरोपी ठरलेला.
भाऊ म्हणाला, इंजिन. वीस वर्षांचं झालं, फुंकून टाक.
शेजारचा दिगंबर म्हणाला, पेट्रोल.
माझा संशय पंख्यावर,
कारण पंखा मीच बसवला होता.

इनास मालवणहून आला.
एका कानानं ठार बहिरा,
म्हणून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो
नि मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून ऐकतो,
जसं कुणी दाराआडचं भांडण ऐकावं.
"विडी बदललस काय रे?"
एवढंच विचारलं त्यानं पहिल्या दिवशी.

दोन्ही सिलिंडर तपासले. एकशे वीस, एकशे अठरा.
प्लग खरवसासारखे तपकिरी, खरपूस.
बाटलीत पेट्रोल रात्रभर ठेवलं, तळाशी पाण्याचा थेंब नाही.
फुल्ल सोडलेल्या होडीत मी गुडघ्यावर बसून
रबरी फुगा दाबत राहिलो, दाबत राहिलो,
आवाज एक सूत वर चढला नाही.
शरयूची नेलपॉलिश मागून घेतली,
पंख्यावरून त्याच्या बोंडावर एक लाल रेघ ओढली.
भर वेगात जाऊन आलो. रेघ सलग.
पंखा सरकत नव्हता.
(नेलपॉलिश परत केली तेव्हा
बाटली निम्मी झाल्याचं तिनं दाखवलं.)

चाळीस घोडे, सगळे जागेवर,
सगळे दमलेले.
त्रेचाळीसशेच्या वर फेरे जाईनात.
"ह्येंका कोण तरी मागे वडता," इनास म्हणाला
आणि जेटीवर शेंगदाणे खात बसला.
होडीकडे पाहत. तासभर.
मग म्हणाला, "आबानं काढलेलो निळो पट्टो खय गेलो?"

"खय जातलो? पाण्याखाली."
बोललो मी,
आणि माझंच वाक्य मला मागाहून ऐकू आलं.

तळाच्या फायबरला ड्रिलनं भोक पाडलं,
सुपारीएवढं.
पाणी उसळलं नाही. आलं.
घाई नव्हती त्याला,
नऊ वर्षं बसलेला पाहुणा उठावा तसं,
आधी एक पाय, मग दुसरा.
रात्रभर बादलीत टपटप.
सकाळी तळ कापून काढला.
तरंगण्यासाठीच भरलेला तो फोम,
पिवळा, गच्च, कुजक्या फणसासारखा,
मुठीत दाबला की कोपरापर्यंत ओघळ.
वास डिझेलचा नाही, माशाचा नाही,
बंद खोलीचा.

शरयूनं सुरमईचा काटा आणला.
टोपलीटोपलीनं तोललं, वहीत मांडलं,
एकशे ब्याऐंशी किलो.
"तीन माणसं," ती म्हणाली.
"नऊ वर्षं फुकट फिरवलीत.
त्येंचा तिकीट कोण देतलो?"
फोम माडाखाली वाळत पडला.
कावळे आले, चोच मारून बघितली,
निषेध नोंदवून गेले.

भाऊ दोन दिवस घरी फिरकला नाही.
इंजिनाचं गिऱ्हाईक त्यानं ठरवूनसुद्धा ठेवलेलं.

तळ नवा बसवला, निळा पट्टा वर आला,
शेवाळानं हिरवा पडलेला, पण वर.
इनासला पुढे बसवून विडी शिलगावली.
खोब्रेकरांचे माड गेले.
शेवटचं वळण गेलं.
संगमाच्या चार वाव अलीकडे ती विझली.

"चार वाव कमी," मी म्हटलं.
इनासनं बहिरा कान माझ्याकडे केला.
पुन्हा ओरडून सांगितलं.
त्यानं माझ्या पोटावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेकवली,
डोळे मिटले,
बराच वेळ ऐकत राहिला.