विश्वामित्रीवर, टक्केवारीत

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
मी सायकल कठड्याला टेकवते आणि खाली बघते.
गाळात काहीतरी लांबट पडलेलं असतं.
वहीत लिहिते: ओंडका, सत्तर टक्के.
मग थांबते. पाच मिनिटं,
पहिला तास नसेल तर दहा.
एखाद्या ओंडक्याला हळूच डोळे फुटतात.

ही वही जूनपासूनची.
दोनशे पानी, मांडवीतून आणलेली,
पाठीवर पाढे छापलेले.
डावीकडे मला काय वाटतं,
मध्ये किती वाटतं,
उजवीकडे काय झालं.
पहिल्या पानावर निश्चय होते,
पाचला उठणे, साखर बंद, रोज वीस पानं वाचणे.
ते पान मी फाडलं नाही,
जुलैत त्यावर फक्त दुधाचा हिशेब लिहिला.

आई म्हणते, मनातलं असं मोजू नये, दृष्ट लागते.
मी म्हणते, किती टक्के लागते?
तिनं लाटणं खाली ठेवलं
आणि नुसतं बघितलं.
रात्री जेवण मिळेल: पंचाण्णव.
मिळालं.
आमटीत मीठ नव्हतं,
पण त्याचा रकाना मी आखलाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे आकडे गोळा केले
तेव्हा दिसलं,
जिथे मी नव्वद लिहिते
तिथे शंभरात एकसष्ट वेळाच बरोबर असते.
जिथे "माहीत नाही" लिहिते
तिथे बहुधा माहीत असतं,
सांगायची लाज वाटत असते.
"बाबा या महिन्यात सिगारेट सोडतील."
पाच महिने, पाचही वेळा ऐंशी.
ते भाकीत कसलं?
इच्छेलाच आकड्याचा सदरा घालून
मी शाळेत पाठवत होते.

आणि मग पान त्रेचाळीस.
"हेतलने माझा कॅल्क्युलेटर घेतला. नव्वद."
खाली पुरावे, क्रमांक घालून:
ती शेजारी बसली होती.
तिचा बिघडला होता.
विचारल्यावर तिनं बॅग पोटाशी आवळली.
मी तिला वर्गासमोर विचारलं होतं,
मुद्देसूद, आवाज जराही न चढवता.
स्वतःचं कौतुकच वाटलं होतं तेव्हा.

सोमवारी कॅल्क्युलेटर निघाला
माझ्याच दप्तराच्या फाटक्या अस्तरात.

नव्वद म्हणजे दहात एक चूक. चालते.
गणितात चालते.
हेतल दहा नाहीत.
एकच आहे, करजणहून मेमूनं येणारी,
त्या दिवसानंतर
खिडकीजवळच्या बाकावर बसू लागलेली.
बॅग का आवळली, ते मी अजून विचारलेलं नाही.
त्यालाही आकडा द्यायला हात शिवशिवतो.

उजव्या रकान्यात मी "चूक" लिहिलं, दोनदा अधोरेखित.
चार महिने झाले, तेवढंच.
वहीला सांगितलं की वाटतं, सुधारले.
हे मात्र वहीत कुठेच नोंदलेलं नाही.

आज पुलावर ती आधीच उभी होती.
ओढणी डोक्यावरून, डिसेंबरचं धुकं,
खाली पाणी जेमतेम दिसणारं.
सायकल टेकवली. ती घसरली. पुन्हा टेकवली.
म्हटलं, कॅल्क्युलेटर माझ्याचकडे होता.
त्याच सोमवारपासून.
रात्रभर जुळवलेली बाकीची वाक्यं
आलीच नाहीत.

ती खालीच बघत राहिली.
"मने खबर हती," म्हणाली.
माहीत होतं तिला.
चार महिने माहीत होतं,
आणि माझ्या एकाही पानावर
ही शक्यता शून्य टक्क्यांनीसुद्धा नव्हती.

मग तिनं बोट दाखवलं.
"मगर छे."
किती टक्के, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.
वही दप्तरात होती, दप्तर पाठीवर.
गाळातलं ते हललं नाही.
सव्वाआठ झाले, साडेआठला तास,
पाठीमागून एक बस हॉर्न वाजवत गेली.
आम्ही दोघी
कठड्यावर थोड्या आणखी वाकलो.